कुत्र्याला कच्चं मटण सुरू करताय? आधी फुप्फुसातली ती गाठ समजून घ्या

सकाळी कुत्र्याला फिरवायला खाली उतरलं की हल्ली कोणी ना कोणी विचारतंच, अजून दाणेच (पाकिटातलं कोरडं डॉग फूड) घालता का, आम्ही तर रॉ डाएट सुरू केलं, केस बघा कसे चमकतायत, शी पण कमी होते. आणि हे दोन्ही खरं आहे बरं का. मांसातलं प्रोटीन आणि फॅट कुत्र्याला जवळपास सगळं पचतं, चोथा कमी उरतो म्हणून शी कमी, आणि खाण्यात फॅट वाढलं की केसांना तकाकी येते. फक्त हे मांसामुळे होतं, कच्चेपणामुळे नाही. तेच चिकन उकडून घातलंत तरी हेच दिसेल, आणि मला जे काही सांगायचंय ते या एवढ्या फरकाबद्दलच आहे.

कच्च्याच्या बाजूने पहिला मुद्दा असतो की कुत्रा म्हणजे लांडगाच. नातं जवळचं आहेच, पण २०१३ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी दोघांचे जीन्स शेजारी ठेवून पाहिले तेव्हा दिसलं की स्टार्च पचवणाऱ्या अमायलेजच्या जीनच्या लांडग्यात २ प्रती असतात आणि कुत्र्यात ४ पासून ३० पर्यंत. म्हणजे माणसाच्या दारात हजारो वर्षं भाकरतुकडा खाऊन त्याचं पोट बदललंय. दुसरा मुद्दा एन्झाइम्सचा, की शिजवलं की ती मरतात. पण पचनाची एन्झाइम्स कुत्र्याचं स्वादुपिंड स्वतःच बनवतं, मांसातली बहुतेक तर पोटातल्या ॲसिडमध्येच तुटतात.

आता त्या गाठीचं. गेल्या वर्षी आमच्या राजासाठी (लॅब्रेडॉर आहे, नऊ वर्षांचा) मटणाच्या दुकानात उभा होतो, माझ्या पुढच्या माणसाने "कुत्र्याचं द्या" म्हटलं आणि दुकानदाराने बाजूच्या घमेल्यातून बोकडाचं फुप्फुस उचलून काळ्या पिशवीत टाकलं. त्या फुप्फुसावर लिंबाएवढी पांढरट, पाण्याने टरारलेली गाठ होती. ती बहुतेक हायडॅटिड सिस्ट. अशी गाठ फोडली की आत स्वच्छ पाणी, पांढरं पातळ आवरण आणि बऱ्याचदा तळाशी बारीक रेतीसारखे कण निघतात, आणि त्यातला एकेक जिवंत कण म्हणजे एका टेपवर्मचं, म्हणजे आतड्यात राहणाऱ्या चपट्या जंताचं, डोकं. कुत्र्याने हे कच्चं खाल्लं की ते कण त्याच्या आतड्याला चिकटतात आणि काही आठवड्यांत जेमतेम अर्धा सेंटिमीटरचे किडे तयार होतात, कुत्र्याला बहुतेक वेळा काहीच होत नाही, तो मस्त खेळतो, जेवतो, आणि त्याच्या शीतून अंडी बाहेर पडत राहतात. ती केसांना लागतात, जमिनीवर पडतात, तिथे महिनोन् महिने टिकतात. आपण कुत्र्याला कुरवाळतो, हात न धुता पोळीचा घास घेतो, आणि मग माणसाच्या लिव्हरमध्ये किंवा फुप्फुसात तशीच गाठ वाढायला लागते, इतकी हळू की कळायला कधी कधी कित्येक वर्षं जातात आणि मग अनेकदा ऑपरेशनच करावं लागतं. लक्षात घ्या, मटण खाऊन हा आजार आपल्याला होत नाही, तो कुत्र्याच्या पोटातून फिरून येतो. जिथे शेळ्यामेंढ्या, कुत्री आणि उघड्यावर कापणं एकत्र आहे तिथे हे चक्र चालूच असतं, म्हणून परदेशातला रॉ डाएटचा सल्ला इथे जसाच्या तसा उचलणं मला फार धोक्याचं वाटतं. नीट शिजवलं की हे कण मरतात.

जंतूंचंही तसंच आहे. कॅनडात एका अभ्यासात १६ निरोगी कुत्र्यांना साल्मोनेला (जुलाब-ताप आणणारा बॅक्टेरिया) असलेलं कच्चं अन्न एकदाच दिलं, ७ जणांच्या शीतून पुढे आठवडाभरापर्यंत साल्मोनेला सापडत राहिला आणि आजारी कोणीच दिसलं नाही. म्हणून "आमच्याला तर काही होत नाही" याने मला धीर येत नाही, आपण मोजतोय कुत्र्याची तब्येत आणि धोका आहे घरातल्या माणसांना. फ्रीजरवरही विसंबू नका, नेदरलँड्समध्ये ३५ फ्रोझन रॉ पाकिटं तपासली तेव्हा ७ मध्ये साल्मोनेला आणि १९ मध्ये लिस्टेरिया हा दुसरा घातक बॅक्टेरिया निघाला, गारठ्यात बॅक्टेरिया बहुतेक झोपतात, मरत नाहीत. आणि कधी कधी कुत्र्यालाही फटका बसतो. मेलबर्नच्या अभ्यासात, ज्या कुत्र्यांचे मागचे पाय अचानक लुळे पडून पॅरालिसिस वर चढत गेला त्यांच्यात कॅम्पायलोबॅक्टर हा बॅक्टेरिया असण्याची शक्यता निरोगी कुत्र्यांच्या मानाने ९ पटींहून जास्त निघाली, आणि संशय कच्च्या चिकनवर, खासकरून कोंबडीच्या मानांवर आला.

पिल्लाला नुसता खिमा घालणाऱ्यांनी तर हे वाचाच. १०० ग्रॅम बिनहाडाच्या चिकनमध्ये फॉस्फरस साधारण २०० मिलिग्रॅम आणि कॅल्शियम जेमतेम १०-१५, आणि पिल्लाला फॉस्फरसपेक्षा कॅल्शियम थोडं जास्तच लागतं. ते खाण्यातून मिळालं नाही की शरीर हाडांतून ओढून घेतं, पिल्लू लंगडायला लागतं, उडी मारली की पाय मोडतो. हे उकडलेल्या नुसत्या चिकन-भातालाही लागू आहे, तिथे मीही सूट देत नाही. शिजवलेलं हाड द्यायचं नाही, त्याच्या धारदार कपच्या निघतात, त्यापेक्षा अंड्याच्या टरफलाची बारीक पूड, आणि माप मात्र डॉक्टरांना वजन आणि वय सांगूनच ठरवा, मोठ्या जातीच्या पिल्लांना कॅल्शियम जास्त झालं तरी हाडं बिघडतात.

दाण्यांवरून ताज्या खाण्यावर यायचंय तर जरूर या, आम्हीही आलो, पण आठ-दहा दिवस घ्या, रोज थोडे दाणे कमी आणि थोडं उकडलेलं चिकन जास्त, आतड्यातल्या बॅक्टेरियांना बदलायला तेवढा वेळ लागतो. चरबी काढून टाका, एकदम जास्त चरबी पोटात गेली तर काही कुत्र्यांचं स्वादुपिंड सुजतं. चिकन उकडलेलं पाणी फेकू नका, बी व्हिटॅमिन्स त्यात उतरलेली असतात. कलेजी अगदी थोडी, रोज वाटीभर दिली तर व्हिटॅमिन ए शरीरात साठत जातं.

आणि कच्चंच द्यायचं ठरलंय तर जंताची गोळी घेताना त्यात प्राझिक्वांटेल हे औषध आहे का ते विचारा, नसेल तर त्या टेपवर्मसाठी गोळीवर भरवसा ठेवता येत नाही. पाट, सुरी, भांडं वेगळं ठेवा. घरात कोणाची केमो चालू असेल, कोणी गरोदर असेल किंवा रांगतं बाळ असेल तर तेवढे महिने तरी कच्चं बंद करा, कारण कुत्रं भांडं चाटत चाटत ज्या फरशीवरून ओढत नेतं, त्याच फरशीवर बाळ हात टेकतं आणि तोच हात तोंडात घालतं.