थंडी पहाटेची, अळी दुपारची

२९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला. शहराच्या नोंदींतला तो नीचांक. अशी थंडी पडली की भाजीच्या शेतात एक वाक्य हमखास कानावर येतं, ‘चला, किडी तरी मरतील.’ नाही मरत. पेपरात येतो तो आकडा पहाटेचा असतो आणि कोबीवरची अळी पहाटे तशीही काही करत नसते. थंडीच्या लाटेतही नागपूरची दुपार बहुतेक वेळा पंचविशीच्या आसपास असते. अळीचा दिवस तेव्हा सुरू होतो.

किड्यांना स्वतःची ऊब नसते. भोवतालचं तापमान एका ठराविक पातळीच्या वर गेलं की त्यांची वाढ सुरू होते, खाली आलं की थांबते. थांबते म्हणजे मरते असं नाही, वाट पाहते. त्या पातळीच्या वर रोज किती अंश ऊब मिळाली याची बेरीज कीटकशास्त्रज्ञ करतात. तिला ‘अंश-दिवस’ म्हणतात. अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला प्रत्येक किडीला अशी ठराविक बेरीज भरावी लागते. ती पंधरा दिवसांत भरो की चाळीस, किडीला त्याचं काही नाही.

पत्ताकोबी आणि फूलकोबीवरचा चौकोनी ठिपक्यांचा पतंग घ्या. त्याची वाढ साधारण ७ अंशांना थांबते आणि एक पिढी पुरी व्हायला सुमारे २७० अंश-दिवस लागतात. ऑक्टोबरात नागपूरचं दिवस-रात्रीचं सरासरी तापमान २६ च्या आसपास असतं. म्हणजे रोजची जमा १९ आणि पिढी दोन आठवड्यांत तयार. डिसेंबरात सरासरी विशीवर येते, रोज १३ जमा होतात आणि पिढीला तीन आठवडे लागतात. कडाक्याची थंडी म्हणून आपण जिची तक्रार करतो, तिने अळीचा काळ फक्त आठवडाभर वाढवला.

आता तेच गणित अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्याच्या युमा गावी करून पाहू. हे गाव खऱ्या वाळवंटात आहे. वर्षभराचा पाऊस जेमतेम ८० मिलिमीटर, तर नागपुरात हजाराच्या वर. तरीही नोव्हेंबर ते मार्च अमेरिकेतल्या लेट्यूस, पालक, कोबीवर्गीय भाज्यांचा मोठा हिस्सा तिथूनच जातो, कारण कोलोराडो नदीचं पाणी आहे आणि हिवाळी ऊन आहे. जानेवारीत तिथली सरासरी १४-१५ अंश. ठिपक्यांच्या पतंगाला रोज सातच मिळतात आणि पिढी रेंगाळत सव्वा महिन्यावर जाते. वाळवंट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे उन्हाळा येतो, पण हिवाळ्यात या अळीला युमापेक्षा नागपूर जास्त मानवतं.

पावसाचा फरक मोठा असला, तरी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत दोन्हीकडचं आकाश सारखंच असतं: कोरडं, निरभ्र. पेंचच्या कालव्यावरचं किंवा विहिरीवरचं ओलीत काढून घेतलं, तर या चार महिन्यांत आपलीही भाजी वाळवंटातलीच. म्हणून तिथल्या शेतीकडून आपल्याला शिकण्यासारखं आहे.

कोरड्या हवेचा पहिला फायदा माव्याला, म्हणजे पानांचा रस शोषणाऱ्या बारीक किडीला होतो. जोराच्या पावसाच्या सरी मावा धुऊन काढतात, हिवाळ्यात त्या नसतात. दुसरा फायदा थंडीचा, आणि तो जास्त छुपा आहे. माव्याची वाढ चार-पाच अंशांवरच सुरू होते, पण त्याला खाणारा ढालकिडा दहा-बारा अंशांच्या खाली सुस्त पडतो. थंडीत मावा हळू वाढतो हे खरं, पण त्याचे शत्रू त्याहून हळू. त्यात माव्याची मादी नराशिवाय थेट पिल्लं घालते आणि जन्मलेल्या पिल्लाच्या पोटात पुढच्या पिढीची सुरुवात आधीच झालेली असते. जानेवारीत कोबीच्या गाभ्यात मावा अचानक दिसतो तो असा.

अशा वेळी फवारणीचा पंप उचलण्याआधी पान उलटून बघावं. राखाडी-हिरव्या गर्दीत काही मावे फुगलेले, गोल, भुऱ्या रंगाचे आणि जागच्या जागी चिकटलेले दिसतात. काहींच्या पाठीला सुईच्या टोकाएवढं गोल भोक असतं. ते मेलेले आहेत. गांधीलमाशीच्या कुळातल्या, मुंगीहून लहान अशा एका माशीने त्यांच्यात अंडं घातलं, तिच्या अळीने मावा आतून खाल्ला आणि भोक पाडून ती उडून गेली. असे भुरे मावे बऱ्यापैकी दिसत असतील, तर आठवडाभर थांबणं शहाणपणाचं. तेव्हा तीव्र औषध मारलं की या माशा आधी जातात. मावा मात्र परत येतो.

पांढऱ्या माशीचं उलटं. ती उबेची भुकेली, थंडीत मागे पडते. तिचा खरा काळ सप्टेंबर-ऑक्टोबर. युमाच्या पट्ट्यात ती उन्हाळी खरबूज आणि कापसावरून कोवळ्या लेट्यूसवर उतरते. १९८१ मध्ये तिने पसरवलेल्या पिवळ्या रोगाने तिथल्या लेट्यूसचं मोठं नुकसान केलं, तर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिच्याच एका नव्या वाणाने तो सगळा पट्टा हैराण केला. कापूस तर दोन्हीकडे आहे. शेजारी कपाशी उभी असताना टोमॅटोचं रोप लावलं, की पर्णगुच्छ, म्हणजे पानं आकसवणारा विषाणू, पांढऱ्या माशीसोबत येतो. फरदड घेऊन कपाशी जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत ठेवणाऱ्याला वेचणीचे चार पैसे मिळतात, पण त्यावर गुलाबी बोंडअळी तर पोसली जातेच, पांढऱ्या माशीचा भुर्दंड शेजारच्या वांग्या-टोमॅटोलाही बसतो. ॲरिझोनात कापसाचे धांडे ठराविक तारखेच्या आत जमिनीत गाडण्याचं कायद्याने बंधन आहे. आपल्याकडे शेतकऱ्याला नुसता सल्ला मिळतो.

ठिपक्यांच्या पतंगाकडे परत येऊ, कारण औषधांच्या बाबतीत याच्याइतका बेरका किडा क्वचितच. जावा बेटावर १९५० च्या दशकाच्या सुरुवातीलाच तो डीडीटीला पुरून उरला. पुढे बीटीलाही. बीटी म्हटलं की विदर्भात कापूसच आठवतो, पण बीटी हा मुळात एक जिवाणू आहे आणि त्याची पावडर भाजीवर फवारतातही. शेतातल्या फवारणीने तिला दाद न देणारा पहिला किडा हाच, हवाई बेटांवरचा. पिढी दोन-तीन आठवड्यांची असली, की एकच औषध सतत मारणं म्हणजे जगणाऱ्यांची निवड करत जाणं. म्हणून एका पिढीवर एका गटाचं औषध, पुढच्या पिढीवर दुसऱ्या. बीटी मारायचंच असेल तर दुपार कलल्यावर, कारण ऊन तिला लवकर निकामी करतं आणि ती पोटात जावी लागते. पहाटे गारठलेली अळी खातच नाही.

औषधाआधीचा उपाय मोहरी. बंगळूरजवळच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेने सुचवलेली रीत अशी: कोबीच्या २५ ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी, एक कोबीच्या लागवडीच्या १५ दिवस आधी, दुसरी लागवडीनंतर २५ दिवसांनी. पतंगीण अंडी घालायला मोहरी आधी निवडते. फवारणी मग त्या ओळींवरच भागते. पाणी तुषारने देता येत असेल तर संध्याकाळी द्यावं. पतंगांच्या मीलनाची वेळ तीच आणि पाण्याच्या माऱ्यात लहान अळ्या गळूनही पडतात.

याच मोहरीवर आपल्याकडे काळा-नारिंगी-पांढरा असा चितारलेला ढेकूण फार पूर्वीपासून आहे. २००८ मध्ये तो लॉस एंजेलिस भागात सापडला आणि लवकरच युमाच्या कोबीपर्यंत पोचला. उगवत्या रोपाचा शेंडाच तो चोखतो, मग गड्डा धरतच नाही किंवा एका रोपाला तीन-चार चिमुकले गड्डे येतात. 

थंडीने मरतं ते पीक. निरभ्र, कोरड्या रात्री जमिनीची ऊब थेट आकाशात जाते. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून चार फुटांवर पेटीत असतो, तर मेथी-सांबाराची (कोथिंबिरीची) पानं जमिनीलगत, उघड्यावर. पेटीत ३.५ असताना पान शून्याजवळ जाऊ शकतं. यावर जुना इलाज ओलिताचा, आणि तो शास्त्राला धरून आहे. कोरड्या ढेकळांत हवा भरलेली असते, ऊब खाली शिरत नाही. भिजलेली काळी माती दिवसा जास्त ऊब साठवते आणि रात्री ती वर सोडते. म्हणून हलकं पाणी लाटेच्या आदल्या दिवशी द्यावं, पहाटे घाईने नाही. युमात बर्फ धरलेल्या सकाळी लेट्यूसची तोडणी ऊन येईपर्यंत थांबवतात, कारण गोठलेल्या पानाला हात लागला की वरची साल सुटते. आपल्याकडेही तशा पहाटे पालक खुडू नये.

गिऱ्हाइकाचाही यात वाटा आहे. नागपुरात कळमन्याच्या घाऊक बाजारातून कॉटन मार्केटच्या भाजीबाजाराला आलेल्या कोबीचं बाहेरचं पान भोकाचं असेल तर भाव पडतो, आणि ते पान आपण घरी आणून फेकूनच देतो. या एका पानासाठी एक-दोन फवारण्या जास्त होतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले होते.

संक्रांतीनंतर ऊन वाढतं. फेब्रुवारीत सरासरी पुन्हा २३-२४ वर येते आणि कोबीची तोडणीही नेमकी तेव्हाच चालते. गड्डा कापल्यावर शेतात उरलेल्या बुडख्यांना कोंब फुटतात आणि पतंगाच्या पुढच्या पिढीची सोय होते. तोडणी संपली की त्याच आठवड्यात बुडखे उपटून किंवा रोटाव्हेटरने गाडून टाकावेत, मोहरीच्या दोन ओळींसकट.