हाँगकाँग ते कालिकत: महिला आशिया चषकाची पहिली दहा वर्षं

महिलांच्या फुटबॉलमधल्या आशिया चषकाचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणं 2022 पासून सुरू होतं, कारण त्या वर्षीचे सामने नवी मुंबई, अंधेरी आणि बालेवाडीत झाले. स्पर्धा मात्र 1975 पासूनची आहे. युरोपातल्या महिलांच्या पहिल्या अधिकृत स्पर्धेचा निकाल लागायला 1984 साल उजाडलं, म्हणजे आशिया तब्बल नऊ वर्षं पुढे होता. आणि पुरुषांच्या फुटबॉल महासंघाचा त्यात हात नव्हता, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

तैवान, हाँगकाँग, मलेशिया आणि सिंगापूर यांनी 1968 मध्ये आशियाई महिला फुटबॉल महासंघ वेगळा काढला. हाँगकाँगच्या वेरोनिका च्यू यांनी त्याची धुरा वाहिली. 1975 च्या ऑगस्टअखेर हाँगकाँगलाच पहिली स्पर्धा भरली. संघ सहा: यजमान हाँगकाँग, थायलंड, मलेशिया, सिंगापूर, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड. न्यूझीलंडच्या महिलांचा राष्ट्रीय संघ त्याआधी कधी मैदानात उतरलाच नव्हता. त्यांची महिला फुटबॉल संघटना उभी राहिली तीसुद्धा त्याच वर्षी. बार्बरा कॉक्स कर्णधार असलेल्या या नवख्या संघाने अंतिम सामन्यात थायलंडला 3-1 हरवलं आणि पहिल्याच प्रयत्नात आशियाचा चषक घरी नेला. ऑस्ट्रेलियाच्या संघात बहुतेक मुली सिडनीच्या सेंट जॉर्ज क्लबच्या होत्या. त्यांना देशाचा पहिला संघ म्हणून मान्यता मिळाली ती 2023 मध्ये. 48 वर्षं लागली!

वेगळ्या महासंघाचा सगळ्यात मोठा फायदा तैवानला झाला. चीनच्या राजकारणात 1974 मध्ये तैवान पुरुषांच्या आशियाई महासंघातून बाहेर फेकला गेला, पण महिलांच्या महासंघात त्याची जागा शाबूत राहिली. पुरुषी वेष घालून लढाईवर गेलेल्या चिनी दंतकथेतल्या मुलानचं नाव घेऊन खेळणाऱ्या तैवानच्या मुलींनी 1977, 1980 आणि 1981 असे सलग तीन चषक जिंकले.

यातला 1980 चा चषक आपल्या दारात होता, केरळात कालिकतला. भारतात भारतीय महिला फुटबॉल महासंघ 1975 मध्ये लखनऊहून सुरू झाला होता. बेगम हमीदा हबीबुल्लाह त्याच्या अध्यक्ष होत्या. पुरुषांच्या महासंघाशी याचा संबंध नव्हता, त्यामुळे तिजोरीही नव्हती. त्या पिढीच्या खेळाडू सांगतात ते ऐकताना जीव हलतो: आरक्षण नसलेल्या डब्यातून दोन-दोन दिवसांचा प्रवास, मुक्काम शाळेच्या वर्गात, आणि सकाळी सामना. अशा तयारीवर कालिकतला यजमान म्हणून भारताने एक सोडून दोन संघ उतरवले, एक उत्तरेचा आणि एक दक्षिणेचा. त्यातला एक थेट अंतिम सामन्यात पोचला आणि तैवानकडून 0-2 हरला. पुढच्याच वर्षी हाँगकाँगला तिसरा क्रमांक, 1983 मध्ये बँकॉकला पुन्हा उपविजेतेपद. तिथे थायलंडने 3-0 हरवलं. बंगालच्या शांती मलिक यांना त्याच वर्षी अर्जुन पुरस्कार मिळाला, महिला फुटबॉलपटूला मिळालेला तो पहिला. गोव्याच्या योलांदा डिसूझाही याच काळात भारताकडून खेळल्या. गोव्यात फुटबॉल घराघरात आहे, पण त्यांचं नाव तितकं घेतलं जात नाही, याची खंत वाटते.

1986 मध्ये महिलांचा महासंघ पुरुषांच्या आशियाई महासंघात विलीन झाला. त्याच वर्षी चीन पहिल्यांदा विजेता ठरला आणि पुढची कित्येक वर्षं चषक त्यांच्याकडेच राहिला. भारतातला कारभार अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडे जायला 1990 चं दशक उजाडलं. 1980 आणि 1983 ची उपविजेतेपदं आजही भारताची या स्पर्धेतली सर्वोत्तम कामगिरी आहेत.

म्हणून 2022 च्या जानेवारीकडे अनेकांचे डोळे लागले होते. 20 तारखेला भारताने इराणशी 0-0 बरोबरी केली. 23 तारखेला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर समोर येणार होता चिनी तैपेई, म्हणजे कालिकतला आपल्याला हरवणारा तोच तैवान. पण भारताच्या बारा-तेरा खेळाडू करोनाबाधित निघाल्या, संघात तेरा जणीही उभ्या करता येईनात, आणि भारत स्पर्धेतून बाद झाला. सामन्याचा एक चेंडूही मारला गेला नाही.