तायाप भाषा

पापुआ न्यू गिनीच्या ईस्ट सेपिक प्रांतात, सेपिक नदीच्या मुखाजवळच्या दलदलीत गापुन नावाचं गाव आहे, तायाप फक्त तिथली भाषा. 1986 च्या सुमारास 89 जण बोलायचे, आता बहुधा पन्नासही नसतील.

कुळाचा वाद जुना आहे. तायापला 'पापुअन' म्हणतात, पण 'पापुअन' म्हणजे काही एक कुळ नव्हे, त्या भागातल्या ज्या भाषा ऑस्ट्रोनेशियन (मलय, हवाईयन वगैरेंचं मोठं कुळ) नाहीत त्या सगळ्या या गाठोड्यात. जर्मन मिशनरी गेओर्ग ह्योल्टकर 1937 मध्ये गावात येऊन गेले आणि त्यांनी छोटी शब्दयादी छापली. पुढे 1970 च्या दशकात भाषाशास्त्रज्ञ डोनाल्ड लेकॉक यांनी तायापला सेपिक-रामू या अवाढव्य गटात घातलं, पण वेगळ्या खणात. तो गटच आता फारसा कुणी धरत नाही, आणि ही भाषा एकाकी, म्हणजे दुसऱ्या कुठल्याही भाषेशी नातं सिद्ध न झालेली, मानणंच जास्त पटतं. साधारण 6000 वर्षांपूर्वी इथे समुद्र होता आणि गापुनची टेकडी बेट होती असं म्हणतात, त्यामुळे आजूबाजूचे लोक यायच्या आधीपासूनची ही भाषा असावी असा तर्क आहे. आकर्षक आहे, पण तर्कच.

शेजारी कोपार, आजोरा, मुरिक, वाताम. गापुनचे लोक, विशेषतः पुरुष, यातल्या एकदोन भाषा सहज बोलायचे, शेजारी मात्र तायाप शिकायच्या भानगडीत क्वचितच पडायचे. मग पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मळ्यांवर मजुरीला गेलेले तरुण टोक पिसिन (इंग्रजीतून घडलेली, देशभर चालणारी संपर्कभाषा) घेऊन परतले आणि हळूहळू तीच मुलांची पहिली भाषा झाली. मानववंशशास्त्रज्ञ डॉन क्युलिक 1980 च्या दशकात गावात राहिले तेव्हा दहा वर्षांखालचं पोर तायाप बोलत नव्हतं. त्यांच्या मते कारण शाळा किंवा पैसा एवढंच नाही: टोक पिसिनमध्ये 'हेड' म्हणजे हट्ट, मीपणा, आणि 'सावे' म्हणजे समज, हेड बायकांशी आणि तायापशी जोडलं गेलं, सावे पुरुष, चर्च आणि टोक पिसिनशी. कुणी ठरवून भाषा सोडली नाही, आईबापांना तर वाटायचं पोरंच हट्टाने बोलत नाहीत.

व्याकरणात दोन लिंगं. लांब, मोठी वस्तू पुल्लिंगी, आखूड, गुटगुटीत ती स्त्रीलिंगी (आपल्या सुरा-सुरीची आठवण येते, पण तिथे आकारही बघतात). क्रियापदं मात्र भयंकर गुंतागुंतीची. क्युलिक आणि भाषाशास्त्रज्ञ अँजेला टेरिल यांचं व्याकरण-कोश 2019 मध्ये आलं. त्या कामात एक गंमत दिसली, एरवी एक वाक्य तायापमध्ये न बोलणाऱ्या तरुणांना गोष्ट सांगायला बसवलं तर बऱ्याच जणांनी ती सांगितली, थोडी अडखळत.