मऊ चिकणमातीतील स्क्रू पाइल

पोलादी दंडावर एक किंवा अधिक मळसूत्री पाती जोडून जमिनीत पिळून उतरवलेल्या खांबाला स्क्रू पाइल किंवा हेलिकल पाइल म्हणतात. दृष्टी गमावलेले आयरिश अभियंते अलेक्झांडर मिचेल यांनी 1833 साली त्याचे पेटंट घेतले. थेम्स नदीच्या मुखाशी मॅप्लिन सँड्स येथील दीपगृहासाठी असे खांब 1838 साली रोवले गेले.

मऊ चिकणमातीत हा पाइल सहज उतरतो, आणि नेमके तेच फसवे असते. खोलवरच्या पात्याची भारक्षमता ढोबळमानाने पात्याचे क्षेत्रफळ, मातीचे कर्तनबल (कापले जाण्याला माती करते तो विरोध) आणि 9 हा गुणक यांच्या गुणाकाराएवढी धरतात. कर्तनबल 20 किलोपास्कल असेल, तर 300 मिलिमीटर व्यासाचे पाते जेमतेम 13 किलोन्यूटन, म्हणजे सव्वा टनाच्या आसपास भार पेलते. व्यास दुप्पट केला की क्षमता चौपट होते. पाती व्यासाच्या सुमारे तिपटीहून जवळ असतील, तर मधली माती पात्यांसोबत सरकते आणि सगळा संच एका जाड दंडगोलासारखा वागतो.

पाते फिरताना माती कापली जाते, मळली जाते. दर फेऱ्याला पाइल साधारण एका आट्याच्या अंतराइतका खाली गेला पाहिजे. जागच्या जागी फिरू लागला, तर तो गिरमिटासारखा माती घुसळतो. या घुसळणीने संवेदनशील माती बरेच बळ गमावते, शिवाय छिद्रांतल्या पाण्याचा दाब वाढतो. तो ओसरेल तशी ताकद काही प्रमाणात परत येते. त्याला दिवस लागतात, कधी आठवडे. म्हणून घाईने घेतलेली भारचाचणी पाइलला कमी लेखते. पाइल पिळताना लागलेल्या टॉर्कवरून, म्हणजे पिळण्याच्या जोरावरून, क्षमता काढण्याची रीत सोयीची खरी, पण मऊ मातीत टॉर्कच इतका कमी असतो की त्या एका आकड्यावर विसंबणे धोक्याचे. पाती खालच्या घट्ट थरात पोहोचवणे, हाच खरा उपाय.

तिथेही पेच आहे. वरची मऊ माती भरावाखाली खचताना खांबाला खाली ओढते. दंड बारीक असल्याने ही ओढ कमी बसते, पण त्याच बारीकपणामुळे, आजूबाजूच्या मातीचा आधार तोकडा पडला तर, भाराखाली दंड मध्येच वाकू शकतो. अशा वेळी जाड नळीचा दंड वापरतात, किंवा दंडाभोवती सिमेंटचा ग्राउट (पातळ लगदा) भरतात. मग अर्थातच मातीची ओढही वाढते.