ऑइल पाझरतंय की गळतंय? जुन्या गाडीच्या एस्टिमेटमधली महागडी ओळ

दहा-बारा वर्षांची गाडी सर्व्हिसिंगला टाकली की दुपारपर्यंत फोन येतो. "सर, इंजिन ऑइल लीकेज आहे. रिअर क्रँक सील बदलावं लागेल. गिअरबॉक्स उतरवतोच आहोत, तर क्लच सेटही करून घ्या." रिअर क्रँक सील म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाभोवतीची, ऑइल अडवणारी कडी. साध्या सर्व्हिसिंगचा खर्च या एका ओळीने कितीतरी पट वाढतो. आपण जाऊन बघावं तर जागा खरोखर तेलकट असते, मग नाही म्हणवत नाही.

पण तेलकट दिसणारी प्रत्येक जागा गळत नसते. इंजिनच्या उष्णतेने वर्षानुवर्षं भाजून निघालेलं गॅस्केटचं, म्हणजे दोन भागांच्या सांध्यात बसवलेल्या पट्टीचं, रबर कडक होतं, त्याच्या कडेने तेलाचा पातळ थर बाहेर येतो, त्यावर धूळ बसते आणि काळं किटण तयार होतं. मेकॅनिक याला स्वेटिंग म्हणतात. थेंब धरत नाही, जमिनीवर डाग पडत नाही, ऑइलची पातळी जवळपास तिथेच राहते. माठ पाझरतो म्हणून कोणी तो टाकून देत नाही, तसंच हे. गळती म्हणजे थेंब धरतो, पडतो आणि डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) पातळी उतरलेली दिसते. स्वेटिंगवर लक्ष ठेवायचं, गळती दुरुस्त करायची. एस्टिमेटमध्ये मात्र दोन्हींना "लीकेज" असंच लिहिलं जातं आणि दोन्हींचा खर्चही एकच लावला जातो.

ओळखायचं कसं? गाडी सपाट जागेवर लावा, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा आणि डिपस्टिक पुसून पुन्हा बघा. वरच्या आणि खालच्या खुणेत बहुतेक छोट्या गाड्यांत साधारण एक लिटरचं अंतर असतं. महिनाभर पातळी हलली नाही, तर घाईचं काही नाही. पातळी उतरतेय पण खाली डाग नाही आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येतोय, तर ऑइल जळतंय, तो आजार वेगळा. रात्री इंजिनखाली पुठ्ठा अंथरून ठेवला की सकाळी आणखी एक पुरावा हाती येतो. एसीचं पाणीही खाली पडतं, तेव्हा डागाला बोट लावून बघा.

खरी गोम मात्र गळती कुठून आहे यात असते. ऑइल वरून खाली उतरतं आणि गाडी चालताना वाऱ्याने मागे पसरतं. टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाच्या) गॅस्केटमधून निघालेलं ऑइल इंजिनच्या मागच्या बाजूने ओघळत इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडापाशी येऊन थांबतं. लिफ्टवर चढवलेल्या गाडीखालून बघणाऱ्याला ते हमखास रिअर क्रँक सीलचं वाटतं. बऱ्याचशा छोट्या पेट्रोल गाड्यांत टॅपेट कव्हरचं गॅस्केट काही शे रुपयांचं असतं आणि ते बदलायला फार वेळ लागत नाही. क्रँक सीलसाठी गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो आणि मजुरीच मोठी होते. म्हणून "वरून तपासलंत का?" हा प्रश्न विचारलाच पाहिजे. इंजिन डीग्रीझरने (तेलकटपणा काढणाऱ्या द्रावणाने) धुवून घ्या, तीन-चारशे किलोमीटर गाडी चालवा आणि मग बघा. जिथे सगळ्यात वर ताजं ओलं दिसेल, तिथेच मूळ. नुकतीच पावसात कोकणातून आलेली गाडी असेल तर आधी धुतल्याशिवाय निदान करूच देऊ नका, कारण चिखल आणि तेल एकत्र बसलं की सगळंच गळतंय असं दिसतं.

पीसीव्ही व्हॉल्व्हही बघायला सांगा. इंजिनच्या आत साठणारे वायू बाहेर जाऊ देणारा हा छोटासा व्हॉल्व्ह चोक झाला की क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या खालच्या भागात, दाब वाढतो आणि चांगल्या सीलमधूनही ऑइल बाहेर ढकललं जातं. तो तसाच ठेवून नवी सील टाकली तर तीही लवकरच पाझरू लागतात, आणि ग्राहकाचे पैसे वाया जातात याचंच मला जास्त वाईट वाटतं.

शॉकॲब्सॉर्बरचंही असंच. दांड्याजवळ हलका ओलसर थर चालतो. नळकांडं खालपर्यंत ओलं असेल आणि खड्ड्यानंतर गाडी डोलत राहत असेल, तर बदला, आणि जोडीनेच बदला.

फोनवर लगेच "करा" म्हणू नका. गाडी लिफ्टवर असताना स्वतः जा, नाहीतर व्हिडिओ मागवा. पार्ट आणि मजुरी वेगळी लिहून घ्या, काढलेले पार्ट परत द्यायला सांगा, आणि तेच एस्टिमेट ओळखीच्या मेकॅनिकला दाखवा. जीएसटीही तपासा: 22 सप्टेंबर 2025 पासून गाडीच्या पार्ट्सवर सरसकट 18 टक्के आहे, पूर्वी बऱ्याच पार्ट्सवर 28 होता.

काही ठिकाणी मात्र थोडं पाझरणंही चालवून घेऊ नये. ऑइल गरम एक्झॉस्टवर पडून जळका वास येत असेल, टायमिंग बेल्टपर्यंत पोचत असेल, किंवा घाटात आरपीएम वाढूनही गाडी ओढत नसेल, तर सर्व्हिस सेंटर खरं बोलतंय. गाडी ओढत नसेल तेव्हा क्लच प्लेटवर ऑइल गेलेलं असू शकतं आणि मग तो मोठा खर्च योग्यच. कूलंटची गळतीही टाळू नका. आणि चाकाच्या आतल्या बाजूला फिकट पिवळसर ओलं दिसलं, ब्रेक ऑइलची पातळी उतरली, तर दुसरं मत घ्यायलासुद्धा गाडी चालवत नेऊ नका. मेकॅनिकला तिथेच बोलवा.