गिटारची बॉडी दुरुस्त करताना लाकडाच्या आत काय चाललेलं असतं

इलेक्ट्रिक गिटार आपटली, कोपरा चेपला किंवा टवका उडाला, की बहुतेक लोक थेट पुट्टीचा डबा उघडतात. जरा थांबा. आधी एवढंच बघा की तिथलं लाकूड दाबलं गेलंय की निघूनच गेलंय, कारण दोन्हींचा इलाज पूर्ण वेगळा आहे आणि दाबलेल्या जागेत पुट्टी भरणं म्हणजे फुकटची मेहनत.

लाकूड म्हणजे बारीक पोकळ नळ्यांची घट्ट जुडी. नळ्यांच्या भिंती सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोजच्या, आणि त्यांना धरून ठेवायला लिग्निन. मार बसला की नळ्या चपट्या होतात, पण बऱ्याचदा तुटत नाहीत, घडी पडून तशाच बसून राहतात. तिथे ओलं फडकं ठेवून वर गरम इस्त्री किंवा सोल्डरिंग आयर्न काही सेकंद टेकवलं की वाफ आत शिरते, पाण्याचे रेणू सेल्युलोजच्या साखळ्यांमध्ये घुसून त्यांचे आपसातले हायड्रोजन बंध सैल करतात, ओलं लिग्निन उष्णतेने मऊ पडतं (कोरडं लिग्निन मऊ व्हायला बरंच जास्त तापमान लागतं, म्हणून नुसती हीट गन मारून काही होत नाही) आणि चपट्या नळ्या फुगून वर येतात. एका फटक्यात नाही येत, तीन-चारदा करावं लागतं, पण पोचा वर येताना डोळ्यांना दिसतो आणि ते बघायला खरंच भारी वाटतं. अट एकच, त्या जागेवरचा रंग आधी काढायचा, कारण पॉलियुरेथेनचा (प्लास्टिकसारख्या रंगाचा) थर शाबूत असेल तर वाफ लाकडापर्यंत पोचणारच नाही.

रंग काढतानाही केमिस्ट्री आडवी येते. नायट्रोसेल्युलोज लॅकर या प्रकारचा रंग असेल तर तो थिनरमध्ये किंवा ॲसिटोनमध्ये सरळ विरघळतो. पॉलियुरेथेन आणि पॉलिस्टरचे रेणू मात्र एकमेकांना कायमचे जोडले गेलेले असतात, ते विरघळत नाहीत, त्यांना हीट गनने मऊ करून पत्र्याने खरवडावं लागतं. घासताना मास्क लावाच, लाकडाचा भुसा कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या यादीत आहे आणि जुन्या रंगांत शिसं असू शकतं.

आता टवका. तंतूच गेलेत तर वाफ काय करणार? छोट्या खड्ड्याला इपॉक्सी चांगलं, कारण त्यातून काही उडून जात नाही, आतल्या आत रासायनिक क्रिया होऊन ते घट्ट होतं, त्यामुळे आकसणं नगण्य. पाण्याची किंवा सॉल्व्हंटची पुट्टी सुकताना आकसते, म्हणून ती थराथराने आणि थोडी वरपर्यंत भरायची. मोठा तुकडा गेला असेल तर लाकडाचाच तुकडा बसवा, आणि शक्यतो त्याच जातीचा. त्याची रेष, म्हणजे नळ्यांची दिशा, बॉडीच्या रेषेच्या दिशेनेच ठेवा, यात आळस नको. हवेतला ओलावा बदलला की लाकूड आडवं फुगतं-आकसतं, रेषेच्या दिशेने जवळजवळ काहीच नाही. तुकडा आडवा बसवला तर दोन लाकडं दोन दिशांना ओढतात आणि काही महिन्यांनी चकचकीत रंगाखालून सांध्याची रेघ वर येते. आणखी एक, नळ्यांच्या कापलेल्या तोंडांवर ग्लू नीट टिकत नाही, तोंडं तो शोषून घेतात. म्हणून तुटलेली जागा तिरकी कापून घ्यायची, म्हणजे नळ्यांच्या कडेच्या बाजू जास्त मिळतात, आणि तसा जोड नीट बसला तर ताण आल्यावर आजूबाजूचं लाकूड आधी फाटतं, सांधा नाही.

स्क्रूची भोकं सैल झाली असतील तर बाजारातली गोल खुंटी ठोकणं सोपं आहे खरं, पण तिची रेष लांबीच्या दिशेने असते, म्हणजे स्क्रू तिच्या तोंडातून आत जातो आणि पकड कमी मिळते. गळ्यातला पट्टा अडकवायच्या बटणाला आडव्या रेषेची गुडदी कापून बसवलेली बरी.

आकार बदलायचा असेल तर हीच वेळ. १९५१ सालच्या फेंडर टेलिकास्टर गिटारची बॉडी म्हणजे सपाट फळी, साधारण ४५ मिमी जाड, आणि १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये हाताखालची आणि पोटाकडची कड उतरवली गेली. तसा उतार कुठल्याही सपाट बॉडीला देता येतो, फक्त आत वायरिंगचा कप्पा किती खोल आहे ते आधी मोजा, नाहीतर रास्प (जाड दातांची कानस) थेट कप्प्यात निघेल. नेकचा खाचा आणि ब्रिजची जागा मात्र सोडायची, तारेची लांबी तिथूनच ठरते. बाकी कडा गोल केल्याने आवाज बिघडेल ही भीती मला फार मोठी वाटत नाही, पिकअप चुंबकीय असतो आणि तो तारेचं कंपन पकडतो. शिंगांच्या, म्हणजे नेकच्या बाजूला पुढे आलेल्या टोकांच्या, वळणावर सांभाळून, तिथे रेष अर्ध्यात उलटी पडते आणि राउटर (लाकूड कोरायचं मशीन) ढलपा उडवतो, म्हणून दर वेळी थोडं थोडंच काढा.

घासताना पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळा, नुसत्या बोटांनी मऊ भाग जास्त झिजतो आणि लाटा पडतात. ८० पासून १२०, १८०, २२० असं चढत जायचं, मधला नंबर गाळला की जुने ओरखडे ग्लॉसखाली दिसतात. प्रत्येक टप्प्याआधी पेन्सिलने रेघोट्या मारा, जिथे रेघ उरली तो खड्डा. ॲश आणि महोगनी या लाकडांची छिद्रं मोठी असतात, त्यांना ग्रेन फिलर (छिद्रं भरायची लुगदी) लागतो, आल्डरला सहसा नाही.

पांढऱ्या ग्लूने तुकडा जोडला असेल तर सांधा लगेच घासून सपाट करायचा मोह होतोच. पण ग्लूमधल्या पाण्याने सांध्याजवळचं लाकूड फुगलेलं असतं, आता सपाट केलं तर पाणी उडून गेल्यावर तेवढी पट्टी खाली बसते आणि रंग दिल्यावर चर दिसते. दोन-चार दिवस तशीच ठेवा आणि मगच शेवटचा हात मारा.