पायी चालायचं तर डावीकडूनच? थोडं थांबा

आमच्या कॉलनीत वर्गणी काढून रस्ता सुरक्षेची पत्रकं छापायचं ठरलं, तर पहिलीच ओळ होती, "चालणाऱ्यांनी आणि सायकलवाल्यांनी नेहमी डावीकडूनच जावं." शाळेपासून ऐकलंय ना जी आपण हे, फॉरवर्डमध्येही येतं. पण यातलं अर्धंच बरोबर आहे.

फुटपाथ असेल तर कोणत्याही बाजूच्या फुटपाथवरून चाला. नसेल, म्हणजे नागपुरात हिंगणा रोडला वगैरे कडेच्या मुरुमावरून जावं लागतं, तेव्हा उजवीकडून, समोरून गाड्या येताना दिसतील असं चालायचं, कारण डावीकडे गाडी पाठीमागून येते आणि तुम्हाला ती दिसतच नाही, बाजूला व्हायचं तरी कसं? रस्ते वाहतुकीच्या 1968 च्या व्हिएन्ना आंतरराष्ट्रीय करारातही चालणाऱ्यांसाठी गाड्यांच्या उलटी बाजूच सुचवलीय, तिथे धोका नसेल तर.

सायकल मात्र डावीकडूनच. हिशोब करून बघा: सायकल 15 च्या स्पीडने, गाडी 45 ने. एकाच दिशेने असाल तर फरक 30 चा, समोरासमोर आलात तर 60 चा, ब्रेक मारायला वेळ अर्धाच उरतो. शिवाय वळणारा ड्रायव्हर उलट्या बाजूने सायकल येईल असं धरतच नाही.

खात्री करायची तर संध्याकाळी एकदा दोन्ही बाजूंनी शंभर पावलं चाला, मान किती वेळा मागे वळते ते मोजा. पत्रकातली ती ओळ आम्ही छापण्याआधीच बदलली.